चाकातला वारा

पहिली सायकल मी चुकीची घेतली. दुसरीही चुकीची घेतली. पैसे गेले त्याचं दुःख एव्हाना निवलंय. पण पहिलीच्या वेळी माझ्या शब्दावर भरवसा ठेवून आणखी एका बाईने तीच सायकल घेतली, ते अजून मनातून जात नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीची बहुतेक वर्षं मालवण तालुक्यात गेली, किनाऱ्याकडच्या आणि सड्यावरच्या वाड्यांत. एस.टी. जिथे सोडेल तिथून पुढे लसींचा डबा खांद्याला लावून पायी. लहानपणी वडिलांच्या काळ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून शिकले होते, पण लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. निवृत्ती जवळ आली आणि गुडघे बोलायला लागले, तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं, चालणं कमी करा, सायकल चालवा.

हा मुलूख सायकलला सोपा नाही. मालवणहून तारकर्लीवरून देवबागेला गेलात की एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या अरुंद पट्टीवर गाव. मधून डांबरी रस्ता जातो, पण कुणाच्या घराकडे वळलं की पायाखाली पुळण. उत्तरेला सर्जेकोटसमोर, गड नदीच्या मुखापलीकडे तळाशील-तोंडवळीची पट्टी तशीच. किनारा सोडून आत शिरलं की घाटी चढून सड्यावर यायचं. तिथे जांभ्याचं उघडं कातळ, त्यावर सुट्या तांबड्या गोट्यांचा थर आणि चिरेखाणीच्या ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. पावसाळ्यात हेच कातळ शेवाळाने निसरडं होतं. एका सकाळच्या फेरीत डांबर, रेती, खडी, कातळ सगळं भेटतं. हे मला दुकानात जायच्या आधी माहीत होतं. इतकी वर्षं याच वाटा पायांनी तुडवल्या होत्या. तरी दुकानात उभी राहिले तेव्हा यातलं काहीच डोक्यात नव्हतं.

कोल्हापूरच्या एका दुकानात गेले. दुकानदाराने रीतसर विचारलं, ‘‘ताई, चालवणार कुठे?’’ मी म्हटलं, ‘‘गावातच. रस्त्यावर.’’ चूक झाली ती तिथे. त्याने मला माझ्या उत्तराला साजेशी सायकल दाखवली. 21 गिअर, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, 700 बाय 35 चे टायर. रंग निळा. दुकानापुढच्या डांबरी रस्त्यावर एक चक्कर मारली आणि ती इतकी हलकी पळाली की मला वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. 16,000 रुपये मोजले. टायरकडे मी पाहिलंही नाही. सायकल म्हणजे गिअर, ब्रेक आणि सीट अशी माझी समजूत होती. टायर काय, झिजला की बदलायचा.

मालवण ते तारकर्लीच्या डांबरी रस्त्यावर तिने खरोखरच सुख दिलं. त्याच आठवड्यात लसीकरणाच्या सत्राला आमच्या एका आशाताईने विचारलं, ‘‘बाई, कशी आसा सायकल?’’ मी सांगितलं, ‘‘घे. डोळे मिटून घे.’’ तिची वाडी मसुऱ्याच्या बाजूला सड्यावर. घरोघर फिरण्यात तिचा दिवस जायचा. भिशीचे पैसे उचलून तिने तीच सायकल घेतली आणि पुढच्या सत्राला हौसेने दाखवायला आणली. म्हणाली, ‘‘तुमी सांगलास म्हणान घेतलंय.’’

मी तेव्हा ती सायकल फक्त डांबरावर चालवली होती. सड्यावर एकदाही नेली नव्हती. विचारणारी सड्यावर राहते हे मला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी ठाऊक असून मी त्यांची सांगड घातली नाही.

रेतीतला पहिला अनुभव मला देवबागेत आला. एका बाळंतिणीकडे जायला रस्ता सोडून माडांखालच्या वाटेला लागले आणि दहा-बारा हातांवर पुढचं चाक रुतलं. हँडल आपोआप एका बाजूला वळलं. जोर लावला तसं मागचं चाक जागच्या जागी फिरून खड्डा करायला लागलं. उतरले, ढकलली, पुन्हा बसले, पुन्हा रुतली. जवळच रापणीची जाळी सुकवत असलेले एक म्हातारे रापणकर बघत होते. ते म्हणाले, ‘‘बाई, वारो काढा थोडो. रेतीत घट्ट चाक चलना नाय.’’

त्यांनी सायकलचं दुकान कधी पाहिलं असेल की नाही कोण जाणे, पण किनाऱ्यावर आणलेल्या गाड्यांची हवा कमी करताना त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्यामागचं गणित मी पुढे समजून घेतलं आणि ते इतकं साधं आहे की शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. चाकातल्या हवेचा दाब आणि चाक जमिनीला टेकतं ते क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे साधारण वरचं वजन. मी, सायकल आणि पिशवी मिळून 75 किलो. टायरात 60 पीएसआय हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 4.2 किलो. भागून पाहा: दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकत होती जेमतेम 18 चौरस सेंटिमीटर, एका काडेपेटीच्या रुंद बाजूएवढी. एवढ्याशा जागेवर 75 किलो पडले तर कोरडी पुळण दबणारच. हवा 20 पीएसआयवर आणली तर तेच क्षेत्रफळ तिप्पट होतं आणि चाक वर तरंगतं.

मग हवा काढली की झालं, असं मला वाटलं. रापणकरांचा सल्ला बरोबर होता, माझा टायर त्या सल्ल्याच्या लायकीचा नव्हता. 35 मिलिमीटरच्या टायरमधली हवा कमी केली आणि रेती पार झाली, पण पुढे गडग्याशेजारच्या वाटेवर जांभ्याच्या धारदार चिऱ्यावर चाक आदळलं. टायर पातळ, हवा कमी, त्यामुळे ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडली. टायर रुंद असेल तरच त्यात कमी हवा ठेवता येते. रुंद टायरात रिमपर्यंत दगड पोचायला अंतर असतं, अरुंद टायरात नसतं.

बरं, रुंद टायर घालू. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे छापलेले असतात. माझ्या टायरवर 35-622 होतं. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माउंटन बाइकच्या 29 इंची टायरलाही 622 हाच दुसरा आकडा असतो. आकडा जुळतो म्हणजे टायर बसणार, या हिशेबाने मी 29 बाय 2.1 चे दोन टायर मागवले. मालवणच्या बाजारात एक जुने मेस्त्री आहेत. त्यांनी मागचं चाक काढलं, टायर रिमवर चढवला. बसला. मग चाक परत सायकलला लावायला गेले तर आत जाईना. मागच्या दोन दांड्यांमधली फट त्यांनी पट्टीने मोजून मला दाखवली: 44 मिलिमीटर. टायर 53 मिलिमीटरचा. ‘‘बाई, टायर बदलता येता, ही फट नाय बदलूक येणा,’’ ते म्हणाले. आणि फटीत टायर जेमतेम बसून चालत नाही, दोन्ही बाजूंना निदान पाच-सहा मिलिमीटर जागा सुटावी लागते. नाहीतर ओली रेती आणि चिखल तिथेच साठून चाक अडतं.

दुकानात मी जे पाहिलं नव्हतं ते हे. सायकलीचं बाकी सगळं नंतर बदलता येतं. सांगाडा किती रुंद टायर सामावून घेईल, हे कारखान्यातून ठरून येतं.

आशाताई पडली ती याच काळात. सड्यावरून घाटी उतरत होती. उतारावर सुटे गोल गोटे. कडक, अरुंद चाकाखाली असे गोटे घरंगळतात, जमिनीला धरून राहत नाहीत. तिने घाबरून पुढचा ब्रेक दाबला, पुढचं चाक सरकलं आणि ती डाव्या हातावर आली. मला फोन आला तेव्हा मी जवळच्याच वाडीत होते. पोचले तेव्हा ती कडेच्या गडग्यावर बसली होती. डावा हात उजव्या हाताने धरलेला, मनगट बघूनच कळत होतं. जवळच्या झाडाच्या दोन फांद्या आणि माझी ओढणी घेऊन मी हात बांधला. सायकल तांबड्या धुळीत आडवी पडली होती. नवीच होती, प्लास्टिकचं आवरण अजून सीटवर होतं.

सहा आठवडे प्लास्टर. आशांना तेव्हा मुख्यतः कामागणिक मोबदला मिळायचा, काम नाही तर पैसा नाही. भिशीचे हप्ते मात्र चालूच. मी तिला दोन हप्त्यांचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. तिने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पुढे तिने ती सायकल विकली आणि स्कूटर घेतली. मनगट पावसाळ्यात अजून दुखतं.

या सगळ्यातून मी शहाणी व्हायला हवी होते. गेले ती उलट्या टोकाला.

अरुंद टायरने घात केला, तर सर्वांत रुंद घेऊ. त्या सुमाराला चार इंची टायरांच्या फॅट बाइक आपल्याकडे दिसायला लागल्या होत्या. या जातीच्या सायकली मूळ अलास्कातल्या बर्फावर आणि अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटात हौशी लोकांनी जुळवाजुळव करून बनवलेल्या. 2005 साली सर्ली या कंपनीने पग्झली नावाची सायकल काढली, तिथून त्या कारखान्यातून तयार मिळू लागल्या. त्यांच्या टायरात आठ-दहा पीएसआय हवा पुरते. वाळवंटात चालते ती देवबागेत का नाही चालणार? निवृत्तीचे पैसे हातात होते. घेतली.

चालली. कोरड्या पुळणीवर ती चालली, हे मान्य करायलाच हवं. पहिल्या दिवशी सुरूच्या बनातून थेट किनाऱ्यावर उतरले आणि चाक रुतलं नाही, तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. पण माझ्या वाटेत पुळण किती? दोन-चार फर्लांग. उरलेलं डांबर आणि सडा. सायकलीचं वजन वीस किलोच्या घरात. चढावर दोन पायांच्या ताकदीने ते ओढणं माझ्या वयाला झेपेना, गुडघ्यांसाठी सायकल आणि सायकलीमुळे गुडघे सुजलेले. तळाशीलला जाताना होडीत चढवायची तर दोन गडी लागायचे. डांबरावर चाकं घरघरायची आणि पुढे सरकायची नाहीत. ट्यूब फुटली तेव्हा मालवणात मिळाली नाही, कुडाळात मिळाली नाही, शेवटी पुण्याहून भाच्याने पाठवली. तोवर सायकल पडवीत उभी.

आणि तिने मला जाऊ नये तिथे नेलं, हे सगळ्यांत वाईट. हिवाळ्यातली सकाळ होती. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या रेतीवरून मी ऐटीत चालले होते. एका तरुणाने हात करून थांबवलं. कासवांच्या घरट्यांची राखण करणारा होता. शांतपणे म्हणाला, ‘‘काकी, मागे फिरा. पुढे घरटं असण्याची शक्यता आहे, पावलांचा माग दिसतोय.’’ ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च आपल्या किनाऱ्यांवर येतात. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, देवगडकडचं तांबळडेग ही त्यांची माहितीतली ठिकाणं. मादी भरतीचं पाणी पोचणार नाही अशा कोरड्या रेतीत दीडएक फूट खोल अंडी घालते. वरून काही दिसत नाही. पिल्लं बाहेर येतात ती समुद्राच्या दिशेने सरपटत जातात आणि चाकाने पडलेली खोल चाकोरी त्यांना ओलांडता येत नाही. मी वळून बघितलं तर माझ्या मागे तशीच एक चाकोरी बनापासून तिथवर आलेली. तो मुलगा ती पायाने बुजवत निघाला. मीही सायकल आडवी ठेवून त्याच्याबरोबर बुजवत गेले.

ती सायकल मी पर्यटकांना भाड्याने सायकली देणाऱ्या एकाला निम्म्याहून कमी किमतीत दिली.

किनाऱ्यावरून जायचं तर ओल्या पट्टीवरून जावं, हे मला त्यानंतर उमगलं. ओहोटीने नुकती उघडी पडलेली रेती घट्ट असते. कणांमधलं थोडं पाणी त्यांना एकत्र धरून ठेवतं. तिथे मध्यम रुंदीचा टायरही सरळ जातो. मासेमारी करणाऱ्या घरांत भरतीचा हिशेब तोंडी असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब मुंबईकडचा, मालवणात भरती त्याहून थोडी आधी येते. अमावास्या-पौर्णिमा उलटल्यावरचे दोन-चार दिवस सकाळी ओहोटी मिळते आणि उधाणाचे दिवस असल्याने पट्टीही रुंद उघडी पडते. मला रुंद टायर विकत घ्यायचा होता तेव्हा पंचांग घरातच भिंतीवर होतं. एक मात्र सांभाळायला हवं. खाऱ्या पाण्यातून आलेली सायकल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवून, पुसून, चेनला तेल द्यावंच लागतं. एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी चेन तांबूस झालेली दिसते. स्वस्तातल्या सस्पेन्शनच्या नळ्यांचंही तेच होतं, आणि रेतीत सस्पेन्शनचा उपयोग तसाही नाही. दोन-अडीच किलोचं ओझं तेवढं.

तिसऱ्या वेळी मी घाई केली नाही. एका दुकानात मला ग्रॅव्हल सायकल घ्या म्हणून आग्रह झाला. वाकड्या हँडलची, 40 मिलिमीटर टायरची. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर मोठी शर्यत होते, 2022 साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. सायकल देखणी होती. पण तिकडची खडी म्हणजे दाबून बसलेले लांबच लांब कच्चे रस्ते. आपल्या सड्यावरच्या घट्ट वाटेला ती चालेलही, घाटीतल्या सुट्या गोट्यांना आणि देवबागच्या पुळणीला नाही. कुणी शर्यतीसाठी घेत असेल तर माझा विरोध नाही. मला वाडीवर जायचं होतं.

पुण्याच्या भाच्याकडे एक जुनी माउंटन बाइक होती. ती गणपतीला येताना त्याने रेल्वेने कुडाळपर्यंत आणली आणि दिवाळीपर्यंत माझ्याकडे ठेवली. या वेळी मी तिला आधी सड्यावर नेलं, मग घाटीत, मग रेतीत, शेवटी डांबरावर. कुडोपीच्या बाजूलाही गेले. तिथे कातळावर फार जुन्या काळी कोरलेली शिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांचं नाव 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहे, त्यात कुडोपी आहे. तिथे सायकल अलीकडेच ठेवून चालत जायचं, जांभा वाटतो तितका टणक नसतो. परत आल्यावर वहीत लिहून काढलं: काय आवडलं, कुठे उतरावं लागलं, काय मोठं होतं. भाच्याचा सांगाडा माझ्या उंचीला मोठा होता, दांडीवरून पाय टेकताना तोल जायचा. घाटीत ते धोक्याचं.

मग दुकानात गेले, ती वही आणि शिवणकामाची टेप घेऊन. घेतली ती साधी माउंटन बाइक: लहान मापाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, पुढे सस्पेन्शन नाही, टायर 57-584, म्हणजे साडेसत्तावीस बाय सव्वादोन. दांड्यांमधली फट 70 मिलिमीटर, मी स्वतः मोजली. पुढे एकच दातेरी चाक, मागे मोठ्यात मोठं, चढासाठी. ब्रेक डिस्कचे पण तारेवर चालणारे, कारण तेलावर चालणारे बिघडले तर मालवणात कोण दुरुस्त करणार? दुकानदाराने टायरात 45 पीएसआय भरून दिली होती. मी तिथेच काटा लावून 24 वर आणली आणि दुकानामागच्या वाळूच्या ढिगावर चढवून बघितली. आता पुढे 22, मागे 25. लांब डांबर असेल तर 35 भरते. काट्याचा पंप पिशवीत असतो. चिमटलेली ट्यूब मला त्यानंतर बदलावी लागलेली नाही.

आशाताईला मी ही सायकल चालवायला दिली होती. सड्यावरून एक फेरी मारून आली. म्हणाली, ‘‘ही बरी आसा बाई, पण माका आता स्कूटरच बरी.’’ मी पुढे काही बोलले नाही.

अजूनही मला लोक विचारतात, बाई, कुठली सायकल घेऊ? मी कंपनीचं नाव सांगत नाही. तुमचं घर कुठे, रोजची वाट कुठली, एवढं विचारते आणि माझी सायकल दोन दिवस नेऊन बघा म्हणते. तुम्हीही घेणार असाल तर आधी कुणाची तरी उसनी आणून आपल्याच वाटेवर, सगळ्यांत वाईट तुकड्यावर चालवा. दुकानात टेप न्या, मागची फट मोजा, हवा कमी करून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. आणि नोव्हेंबरपासून कासवांची शेवटची पिल्लं समुद्रात जाईपर्यंत भरतीच्या रेषेच्या वर सायकल चढवू नका, चाकं कितीही रुंद असली तरी.